कुराण कुठून वाचायला घ्यावं?

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातले एक वाचक एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत. वय साठीच्या पुढे. त्यांचा सगळ्यांत जवळचा मित्र मुसलमान. दोघांनी तीसेक वर्षं एका बाकावर बसून डबा खाल्ला, एकमेकांच्या मुलांची लग्नं पार पाडली. आता हाताशी वेळ आहे, तर मित्राचा धर्म एकदा नीट समजून घ्यावा म्हणून त्यांनी कुराणाचं मराठी भाषांतर आणलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चाळीस-पन्नास पानांतच ते अडकले. गोष्ट पुढे सरकत नाही, मूसा (बायबलमधला मोझेस) येतो, जातो, पुन्हा येतो, मध्येच उसनवारी लिहून ठेवायचे नियम, मध्येच लढाई. त्यात मुलगा मोबाइलवर सुट्या आयती, म्हणजे कुराणातली वचनं, पाठवतो आणि म्हणतो, ‘आता वाचताच आहात तर हे वाचा आणि धर्म कसा आहे ते तुम्हीच सांगा.’ मित्राला विचारायचा संकोच वाटतो: इतकी वर्षं विचारलं नाही, आता विचारलं तर त्याला उलटतपासणी वाटेल. वाचन चालू ठेवावं का, कसं ठेवावं, आणि मुलाला काय सांगावं, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

तुम्ही अडकलात यात तुमच्या समजुतीचा काही दोष नाही. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं ही आपली सवय, आणि कुराण त्या सवयीसाठी रचलेलं नाही. त्यातल्या ११४ सुरा, म्हणजे अध्याय, घटनाक्रमाने लावलेल्या नाहीत. सुरुवातीची सात आयतींची ‘फातिहा’ सोडली, तर ढोबळमानाने मोठ्या सुरा आधी आणि छोट्या शेवटी अशी मांडणी आहे. त्यामुळे तुमची गाठ थेट ‘बकरा’शी पडली. २८६ आयतींची ही सगळ्यांत लांब सुरा, आणि तीही मदिनेच्या काळातली. तोवर तिथे एक नवा समाज उभा राहिला होता. मृत्युपत्र कसं करायचं, कर्ज कसं लिहून ठेवायचं, घटस्फोट, उपास, लढाई असे प्रश्न त्याला रोज पडत होते आणि त्यांची उत्तरं त्या सुरेत आहेत. प्रश्न ठाऊक नसताना उत्तरं वाचायला घेतली की कुणीही गोंधळेल. मूसाचंही तसंच. कुराणात सगळ्यांत जास्त वेळा नाव येतं ते त्याचं, पण ऐकणाऱ्याला गोष्ट माहीत आहे असं धरून. दर वेळी तिचा वेगळा भाग, वेगळ्या मुद्द्यासाठी येतो.

तेव्हा पुस्तक बंद करू नका, फक्त मागून उघडा. कुराणाचे ३० पारे, म्हणजे भाग, आहेत. मदरशातली मुलंही बहुधा शेवटच्या पाऱ्यातल्या छोट्या सुरांपासूनच पाठांतर सुरू करतात. तुम्हीही तिथूनच निघा. पण त्याआधी पैगंबरांचं चरित्र समोर ठेवा, कारण ते माहीत असेल तरच त्या ओळींना अर्थ येतो.

मुहम्मद पैगंबर इ. स. ५७०च्या सुमारास मक्केत, कुरैश टोळीत जन्मले. वडील अब्दुल्ला जन्माआधीच वारलेले. सहा वर्षांचे असताना आई आमिनाही गेली. आधी आजोबांनी आणि मग काका अबू तालिब यांनी सांभाळलं. मक्का हे व्यापाराचं गाव. काबा हे तिथलं देवस्थान, तिथे निरनिराळ्या टोळ्यांची दैवतं होती, आणि त्या यात्रेवर गावाचा बाजार चालायचा. खदीजा ही तिथलीच एक विधवा, स्वतःचा व्यापार सांभाळणारी. तिचा माल घेऊन मुहम्मद काफिल्याबरोबर गेले. त्यांचा प्रामाणिकपणा पाहून लग्नाचा विषय तिनेच काढला. ६१० साली, वयाच्या चाळिशीत, हिरा गुहेत त्यांना जिब्रील या फरिश्त्याकरवी पहिला संदेश मिळाला असं मुस्लिम परंपरा सांगते. ते थरथरत घरी आले. त्यांना पांघरूण घालणारी, धीर देणारी आणि त्यांच्यावर सर्वांत आधी विश्वास ठेवणारी खदीजाच. इस्लाममध्ये बाईचं स्थान काय, यावर कुणाशीही वाद घालण्याआधी एवढा प्रसंग तरी माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. वादाचे मुद्दे त्याने संपत नाहीत, पण सुरुवात नीट होते.

आता ९६व्या सुरेच्या पहिल्या पाच आयती वाचा. तोच तो पहिला संदेश: वाच, तुझ्या पालनकर्त्याच्या नावाने. मग ९३वी सुरा घ्या. तिचा आशय असा, की तू अनाथ होतास तेव्हा त्याने तुला आसरा दिला ना, मग अनाथावर जोर करू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस. आईबाप हरवलेल्या मुलाची हकीकत डोक्यात ठेवून हे वाचलं की शब्दांना वजन येतं. १०७वीत अनाथाला ढकलून देणाऱ्यांवर आणि दाखवण्यापुरती नमाज पढून शेजाऱ्याला साधी वस्तूही न देणाऱ्यांवर रोख आहे. ११२वी चारच आयतींची आहे: अल्लाह एक आहे, त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. इस्लामच्या श्रद्धेचा गाभा या चार आयतींत आहे. यात्रेवर श्रीमंत झालेल्या मक्केतल्या सावकारांना हे का झोंबलं, हे वेगळं सांगायला नको. देव एकच, आणि मेल्यावर प्रत्येकाला गरिबांशी कसा वागलास याचा हिशेब द्यायचा आहे. बाजारालाही धक्का आणि प्रतिष्ठेलाही.

पुढे छळ सुरू झाला. ६१५च्या सुमारास काही अनुयायी समुद्र ओलांडून हबशांच्या देशात, म्हणजे इथिओपियाकडे, गेले आणि तिथल्या ख्रिस्ती राजाने त्यांना आसरा दिला. ६१९मध्ये खदीजा आणि अबू तालिब दोघेही गेले. ६२२ साली पैगंबर मक्का सोडून यस्रिबला, म्हणजे आजच्या मदिनेला आले. या स्थलांतराला हिजरत म्हणतात. पैगंबरांनंतर मुसलमानांचं नेतृत्व करणारे ते खलिफा; त्यांतले दुसरे उमर यांच्या काळात सन ठरवताना जन्म किंवा पहिला संदेश न धरता ही हिजरत धरली गेली, म्हणून तो हिजरी सन.

तुमच्या घरी दिनदर्शिका टांगलेली असेलच, म्हणून जरा इथे थांबते. हिजरी वर्ष चांद्र आहे, सुमारे ३५४ दिवसांचं. आपले महिनेही चांद्रच, पण आपण साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतो. अरबांतही महिना वाढवण्याची चाल होती. नवव्या सुरेतल्या एका आयतीने ती बंद केली असं मानलं जातं. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. तुमच्या मित्राने वर्कशॉपच्या पत्र्याखाली मे महिन्यातही निर्जळी रोजे धरले असतील आणि डिसेंबरच्या थंडीतही. ते तुम्ही बघितलं आहे. रोजा हा इस्लामच्या पाच खांबांपैकी एक. बाकीचे चार खांबही तुमच्या ओळखीचे आहेत: अल्लाह एक आणि मुहम्मद त्याचे प्रेषित ही कलम्यातली साक्ष, दिवसाच्या पाच नमाजा, ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज, आणि ठरावीक मर्यादेवरची जी बचत वर्षभर राहिली तिच्यातून अडीच टक्के जकात. तुम्ही कुराणाच्या पन्नास पानांत अडकलात खरे, पण तीस वर्षं या धर्माचं आचरण शेजारी बसून पाहिलंत.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला इथे तपासून बघावीशी वाटते. धर्म म्हणजे त्याचा ग्रंथ, ग्रंथ वाचला की धर्म कळला, असं तुम्ही धरून चालला आहात. एखादा परदेशी माणूस ऋग्वेदाच्या पहिल्या ऋचेपासून वाचत सुटला तर त्याला पंढरीची वारी कधी कळेल? इस्लामलाही ग्रंथाच्या पुढे चौदाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली माणसं एकमेकांशी सतत वाद घालत आली आहेत.

मदिनेतला काळ मी थोडक्यात सांगते. ६२४ला बद्र, ६२५ला उहुद, ६२७ला खंदक, या मक्केशी झालेल्या लढाया. मदिनेतल्या ज्यू टोळ्यांशी करार झाले, बिनसलं, आणि त्यातून हद्दपारी आणि फार कठोर शिक्षाही झाल्या. ६२८ला हुदैबियाचा तह. ६३०मध्ये मक्का जवळपास रक्तपाताशिवाय हाती आली आणि काबातल्या मूर्ती हटवल्या गेल्या. ६३२मध्ये पैगंबर वारले, आणि आता पुढे कोण, हा पहिला मोठा वाद त्याच दिवशी उभा राहिला.

अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली असे चार खलिफा झाले. नेतृत्व पैगंबरांच्या घराण्यात, म्हणजे त्यांचे चुलतभाऊ आणि जावई अली यांच्याकडेच यायला हवं होतं असं मानणारे ते शिया. या क्रमाला मान्यता देणारे पुढे सुन्नी म्हणवले गेले. अलींचे पुत्र हुसेन यांनी पुढचा खलिफा यजीद याची सत्ता मानली नाही. ६८०मध्ये, मोहरमच्या दहाव्या दिवशी, इराकातल्या करबलाच्या मैदानावर ते मूठभर सोबत्यांसह मारले गेले. तुमच्या जिल्ह्यातले कडेगावचे उंच ताबूत याच शोकाचे. त्यांना हिंदूही खांदा देतात, आणि आपल्याकडे गावोगावी सुन्नी घरांतही मोहरमचे पंजे बसतात. दुसरीकडे ताबूत काढणं धर्माला धरून नाही असं सांगणारे आलिमही, म्हणजे धर्मपंडितही, आहेत. मुसलमान मोहरम कसा पाळतात, याचं एक उत्तर तुमच्याच तालुक्यात मिळणार नाही.

नियमांचंही असंच आहे. कुराणात नमाज आहे, पण ती पायरीपायरीने कशी पढायची हे त्यात नाही. ते आलं हदीसमधून, म्हणजे पैगंबर काय बोलले आणि कसे वागले याच्या आठवणींतून. या आठवणी तोंडोतोंडी आल्या, म्हणून अमक्याने हे कुणाकडून ऐकलं, त्याने कुणाकडून, ही साखळी तपासायचं एक शास्त्रच उभं राहिलं. सुन्नींमधला सर्वांत मान्य संग्रह करणारे बुखारी ८७०मध्ये वारले, म्हणजे पैगंबरांनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. कुराण आणि हदीस यांतून कायदा कसा काढायचा यावर सुन्नींमध्ये चार पंथ झाले: हनफी, मालिकी, शाफई, हंबली. देशावरचे सुन्नी बहुतेक हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई, कारण कोकणचा संबंध जमिनीपेक्षा समुद्रमार्गे अरबांशी जुना. शाफई मतात समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. हनफी मतात मासा तेवढा चालतो, आणि कोळंबीला मासा म्हणायचं की नाही यावर हनफी आलिमांमध्येच मतभेद आहेत. रत्नागिरीकडच्या घरात आणि सांगलीकडच्या घरात ताटावरही फरक पडू शकतो. मुंबईतले बोहरी आणि खोजे आणखी वेगळे, ते बहुतेक शियांमधल्या इस्माइली शाखेचे. हे सगळं ध्यानात आलं की ‘इस्लाम काय म्हणतो?’ असा प्रश्न विचारताना आपोआप विचारावंसं वाटतं, की कुठला आणि कुणाच्या तोंडून.

दमास्कसच्या उमय्या खलिफांचा काळ मी सोडून देते. ७६२मध्ये अब्बासी खलिफा मन्सूरने बगदाद वसवलं, आणि पुढची काही शतकं ते जगातल्या विद्येचं मोठं केंद्र होतं. ग्रीक, फारसी आणि संस्कृत ग्रंथ तिथे अरबीत गेले. आपलं खगोलशास्त्र आणि आपले अंकही त्या वाटेने पश्चिमेला पोचले. १२५८मध्ये मंगोलांनी ते शहर लुटलं.

पण या काळातला एक माणूस मला तुमच्यासमोर ठेवायचा आहे, कारण तुम्ही आज जे करू बघताय ते त्याने हजार वर्षांपूर्वी उलट्या दिशेने केलं. अल-बिरूनी. महमूद गझनवीच्या काळात तो हिंदुस्थानात आला. संस्कृत शिकला, पंडितांसोबत बसला, आणि १०३०च्या सुमारास त्याने हिंदूंचे विचार, शास्त्रं आणि चालीरीती यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. हा खंडनमंडनाचा ग्रंथ नाही, हिंदू जे मानतात ते मी त्यांच्याच शब्दांत मांडणार आहे, अशी भूमिका त्याने सुरुवातीलाच घेतली. महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची दैना केली आणि त्यामुळे हिंदूंच्या मनात मुसलमानांबद्दल तिरस्कार बसला, हेही त्याने गझनवींच्याच राज्यात राहून लिहून ठेवलं. त्याला मतं नव्हती असं नाही. बऱ्याच ठिकाणी तो हिंदूंवर स्पष्ट टीकाही करतो. पण आधी समोरच्याचं म्हणणं पुरतं मांडायचं आणि मत नंतर द्यायचं, हा क्रम त्याने सोडला नाही. तुमच्या मुलाला तुम्ही नेमकं हेच सांगू शकता.

मुलगा जी आयत पाठवतो ती बहुधा नवव्या सुरेतली पाचवी असेल. मुश्रिकांना, म्हणजे अल्लाहबरोबर इतर दैवतं मानणाऱ्यांना, सापडतील तिथे मारा, असं तिच्यात आहे. ती आयत खरी आहे आणि ती नाकारू नका. फक्त त्याच्याबरोबर बसून त्या सुरेच्या पहिल्या तेरा आयती सलग वाचा. करार मोडणाऱ्या अरबी टोळ्यांशी चाललेल्या युद्धाचा तो संदर्भ आहे. ज्यांनी करार पाळला त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत करार पाळा, हे चौथ्या आयतीत आहे. त्यांच्यातल्या कुणी आसरा मागितला तर त्याला तो द्या आणि सुरक्षित जागी पोचवा, हे सहाव्यात आहे. तरीही काही जुन्या भाष्यकारांनी पाचव्या आयतीचा अर्थ फार व्यापक लावला, आणि आजही दहशतवादी तिचा आधार घेतात. तो अर्थ चुकीचा आहे असं सांगणारे मुस्लिम विद्वानही तेव्हा होते आणि आज आहेत. तीनही गोष्टी मुलाला सांगा. कुठलीही आयत आली की ती कधीची, कुणाला उद्देशून, आणि नंतरच्यांनी तिचा अर्थ कसकसा लावला, हे तीन प्रश्न विचारायची सवय दोघांनाही लागू द्या. आणि हे बोलणं मोबाइलवर नको, समोरासमोर होऊ द्या.

‘इस्लाम इथे तलवारीच्या जोरावर आला’ हेही तो म्हणेल. त्यातला काही भाग खरा आहे. १२९६मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली. पुढे देवळं पाडली गेली. अकबराने १५६४मध्ये रद्द केलेला जिझिया, म्हणजे मुसलमानेतरांवरचा कर, औरंगजेबाने १६७९मध्ये पुन्हा लावला. एकच धर्म, एकच घराणं आणि दोन उलटे निर्णय, म्हणून राजाचा हिशेब राजाच्या नावावर लिहावा असं मी म्हणते. पण महाराष्ट्रात इस्लाम खिलजीच्या कितीतरी आधी पोचला होता, आणि तो व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला मसूदी हा अरब प्रवासी कोकणातल्या चौलला आला तेव्हा त्याला तिथे हजारोंनी मुसलमान राहताना दिसले. राष्ट्रकूटांचं राज्य होतं. पालघर जिल्ह्यात चिंचणीला त्या काळातला, ९२६ सालचा एक ताम्रपट सापडला. त्यात संजाण प्रांताचा कारभार एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे दिलेला आहे. त्याचं नाव मधुमती, म्हणजेच मुहम्मद. लोकांसाठी त्याने फुकट होड्या आणि अन्नछत्र चालवलं, आणि त्याच्याच संमतीने एका देवीच्या मठाला जमीन दिली गेली. आपल्या शाळेत हा ताम्रपट शिकवत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

सूफी पुढे आले. खुलताबादला चिश्ती संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर मराठीत ओव्या-अभंग रचले आणि वारकऱ्यांनी त्यांना आपलं मानलं. आणि घरातल्या घरात कठोर टीका करणारेही आपल्याकडेच झाले: चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई, ज्यांनी तोंडी तलाकविरुद्ध १९६६मध्ये सात महिलांचा मोर्चा काढला आणि १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. इस्लाम समजून घेताना दलवाईंनाही वाचा, आणि त्यांच्याशी असहमत असलेल्या श्रद्धाळू मुसलमानालाही ऐका.

वाचनाचा क्रम मी असा ठेवेन. आधी मराठीतलं पैगंबरांचं एखादं चरित्र. साने गुरुजींनीही ते लिहिलं आहे. मग शेवटचा पारा. मग १२वी सुरा, यूसुफची, तिच्यात गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग जाते. मग १९वी, मरियमची, तिच्यात ईसांच्या, म्हणजे येशूच्या, जन्माची हकीकत आहे. विनोबा अरबी शिकले आणि त्यांनी कुराणातल्या वचनांची विषयवार निवड केली. ती सोबत असू द्या. ‘बकरा’कडे सगळ्यांत शेवटी या. मुलांना शिकवणारे शिक्षक, किंवा घरात मुसलमान सून-जावई आलेली मंडळी मला अशीच पत्रं लिहितात. त्यांनाही मी हाच क्रम सांगते.

आता मित्राचं. तुम्ही त्याला धर्माचा वकील करू नका, म्हणजे उलटतपासणी होणारच नाही. ‘तुमच्यात असं का असतं?’ असं न विचारता त्याच्याबद्दल विचारा. पहिला रोजा कितव्या वर्षी धरलास? कुराण पढायला कुणी शिकवलं? वडील मोहरमला ताबुतात जायचे का? आणि ‘मी सध्या हे वाचतोय, अमुक कळलं नाही’ हे सरळ सांगून टाका. आपण चोरून काही वाचतोय अशी भावनाच मग उरणार नाही. त्याला एखादं उत्तर येणार नाही, हेही धरून चला. अनेक जण कुराण अरबीत अस्खलित पढतात, पण अर्थ शिकायची संधी त्यांना मिळालेली नसते. अशा वेळी दोघांनी मिळून मशिदीच्या इमामांकडे जायला हरकत नाही. कुठे काय घडलं याचा जाब मात्र त्याच्याकडे मागू नका.

भेटायला शुक्रवारी दुपारी जाऊ नका, जुम्याची नमाज असते. एरवी असरनंतरची, म्हणजे संध्याकाळची वेळ बरी. तुमचं कुराण बरोबर नेलंत तर जमिनीवर किंवा पायाशी ठेवू नका, घरच्यांना ते खुपतं. रमजानात बोलावलं तर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानआधी दहा-पंधरा मिनिटं पोचा आणि खजूर घेऊन जा.